सहा फुटांपलीकडचं सौंदर्य

सकाळी सातच्या सुमाराला लालासाहेब हवालदार घरामागच्या परड्यात पालथे पडले होते, आणि त्यांच्या बायकोला त्याची अजिबात काळजी वाटत नव्हती. पहिल्या दिवशी वाटली होती. नवरा जमिनीवर आडवा, एक डोळा मिटलेला, तोंड उघडं, हे बघून मनुबाईंनी हातातली घागर टाकून बोंब ठोकली होती आणि अर्धी गल्ली गोळा झाली होती. तेव्हा लालासाहेब न वळता फक्त "श्शऽऽ! थेंब पडंल," एवढंच म्हणाले होते. हवालदार मेलेला नसून कारल्याच्या पानावरच्या दवाच्या थेंबाचा फोटो काढतो आहे, हे कळल्यावर गल्लीची जी निराशा झाली ती भरून यायला बरेच दिवस लागले.

"आवं, उठा की आता," मनुबाई चुलीपासूनच ओरडल्या. "ऊस पान्याला आलाय. आज आपली पाळी हाय."

"थांब गं. ऊन वर आलं की लाईट जातो."

"कुठं जातो? दिसभर हितंच तर तापत असतंय."

"तुला न्हाई कळायचं. त्याला दृष्टी लागती."

लालासाहेबांना ही दृष्टी फौजेत मिळाली होती. फौजेत त्यांनी बावीस वर्षं काढली, दोन लढाया झाल्या, आणि दोन्ही लढायांत त्यांनी पठाणकोटच्या स्टोअरमध्ये कांबळी मोजली. गावात ते हे थोडं वेगळ्या शब्दांत सांगत. तिथं एका मेजरसाहेबांच्या बंगल्यावर फुलांच्या फोटोंचं एक विलायती कॅलेंडर होतं. कांबळ्यांच्या याद्या सहीला नेताना लालासाहेब ते महिन्यातून दोनदा बघत. गुलाबाच्या पाकळीवरचा थेंब आणि थेंबात उलटं दिसणारं आभाळ पाहून त्यांच्या आत काहीतरी हललं. निवृत्त होताना त्यांनी कॅन्टीनमधून एक बॉक्स कॅमेरा घेतला आणि पेन्शन, ट्रंक व सौंदर्यदृष्टी घेऊन ते कोळवडीला परतले.

कोळवडी म्हणजे पलूसच्या पुढं, कृष्णाकाठचं गाव. बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा इथला ऊस उभा होता आणि त्याचा माज अजून उतरलेला नव्हता. गावाला हिरव्या रंगाच्या दोनच छटा ठाऊक होत्या, जनावरं खातात ती आणि माणसं खातात ती. फुलाकडं कोणी बघितलंच तर त्याचं फळ कधी होणार एवढं विचारायला. फोटो म्हणाल, तर गावात तो तीनच कारणांनी निघे. मुलीचं लग्न जमेना म्हणून, म्हातारा मेल्यावर हार घालायला काहीतरी हवं म्हणून, आणि बांध सरकला म्हणून. पहिल्या दोन कारणांसाठी कराडला जात, तिसऱ्यासाठी वकील स्वतःच माणूस घेऊन येई.

अशा गावात लालासाहेब दवबिंदूंच्या पाठीमागं लागले. दीड महिना झाला तेव्हा मनुबाईंनी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं.

"बावीस वर्सं उसाला दारं मी धरली," त्या म्हणाल्या. "गुडघाभर चिखलात हुबं ऱ्हाऊन सरीसरीला पानी मी वळवलं. म्हनलं, मानूस घरला आला की माझं पाय वाळत्याल. तर तुमी कोळी आन् किडं धरून बसलायसा."

"संक्रांतीला सांगलीत शेतकी परदर्शन हाय," लालासाहेब शांतपणे म्हणाले. "त्यात फोटूचा येक इभाग हाय. माझा फोटू तितं भितीवर लागंल, मग बोल."

"लागला तर आरतीचं ताट घिऊन सांगलीला यीन आन् चारचौघांत त्याला ववाळीन. न्हाई लागला तर ह्यो डबा फडताळात, आन् तुमी दारं धरायला. जलमभर!"

"कबूल."

लालासाहेब बोलून गेले खरे, पण त्या रात्री त्यांना चिखलाची स्वप्नं पडली. शत्रूला ते कधी भ्याले नव्हते, कारण शत्रू पठाणकोटच्या स्टोअरपर्यंत कधी आला नव्हता. चिखल मात्र घरापासून दोन फर्लांगावर होता. पोरसवदा वयात त्याला भिऊनच ते फौजेत पळाले होते.

रोल बारा फोटोंचा. त्यातला एकेक फोटो लालासाहेब असा जपून काढत की तेवढ्या वेळात दुसऱ्या एखाद्यानं विहीर खणली असती.

परड्याच्या उगवतीला चुलतभाऊ केरबाचं परडं होतं आणि मध्ये शेराच्या झुडपांचं कुंपण होतं. झाडं सूर्याकडं झुकतात, तसं हे कुंपण वर्षाला वीतभर लालासाहेबांच्या बाजूला झुकत असे. मुळं न दुखावता हिरवं कुंपण सरकवायला कसब लागतं. केरबाच्या घराण्यात ते बापापासून चालत आलेलं होतं. मनुबाई रोज सकाळी त्या कुंपणाकडं तोंड करून बोटं मोडत, पण लालासाहेबांना कुंपण कधी दिसलंच नाही. त्यांना दिसली ती कुंपणावर चढलेली कारल्याची वेल, आणि तिच्या शेजारी दवानं ओथंबलेलं कोळ्याचं जाळं.

ते जाळ्यासमोर उकिडवे बसून कॅमेऱ्यात बघत असताना पलीकडून केरबाचं मुंडासं वर आलं.

"दादा, कशाचा फोटू काढतायसा?"

"जाळ्याचा."

"कसल्या जाळ्याचा?"

"कोळ्याच्या."

केरबानं जाळ्याकडं पाहिलं, मग कुंपणाकडं पाहिलं, आणि मग पुन्हा लालासाहेबांकडं पाहिलं.

"आवं, आमचा म्हातारा मेला तवा हार घालाय फोटू न्हवता. सोसायटीच्या मेंबरांच्या फोटूतनं त्याचं मुंडकं कापून घ्यावं लागलं. आन् तुमी कोळ्याचा काढताय?"

"लय देखनं हाय रं. बग की, मोती ववल्यागत दिसतंय."

"व्हय व्हय. मोतीच की," असं म्हणून केरबा मागच्या मागं निघाला तो थेट हंबीररावांच्या सोप्यावर जाऊन बसला.

हंबीरराव गावचे माजी सरपंच आणि कोर्टकामातले जाणकार. एका बाभळीवरून सख्ख्या भावाशी ते तासगावच्या कोर्टात एकोणीस वर्षं भांडत होते. दरम्यान बाभळ वाळली आणि भाऊही वारला, पण दावा तब्येतीनं उत्तम होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि विचारलं, "जाळं ताजं हुतं का जुनं?"

"ताजं. आजचंच आसंल."

"मग मेलास तू, केरबा. जुन्या कुंपनावर जुनं जाळं, ताज्या कुंपनावर ताजं. वकील येवडंच इचारनार, कुंपन बापाच्या जमान्यातलं म्हनताय तर कोळी आजचा कसा?"

केरबाला घाम फुटला. "पर दादा म्हनला, देखनं हाय म्हनून काढतोय."

"गड्या, बावीस वर्सं सरकारच्या दारात काढल्याली हायत त्यानं. तो तुला सांगून पुरावा गोळा करनार व्हय? साक्षीदार फुटतोय, तलाठी फुटतोय. फोटू फुटत न्हाई."

शहाण्या माणसाच्या तोंडून हे ऐकल्यावर केरबाला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यानं ताज्या काकवीची कासंडी भरून लालासाहेबांच्या घरी पाठवली. लालासाहेबांनी भाकरीबरोबर काकवी चाटत मनुबाईंना सांगितलं, "बग, केरबाला हळूहळू कळाय लागलंय." मनुबाईंनी कपाळाला हात लावला, पण काकवी चांगली होती.

दुपारी केरबा स्वतः आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं कॅमेऱ्याकडं न बघता विचारलं, "दादा, समजा येकांदा फोटू चुकून निगाला. तर मागनं पुसता येतोय का?"

"छा! येकदा उमटलं की उमटलं," लालासाहेब डोळे मिटून म्हणाले. "परमेसरालाबी पुसता याचं न्हाई."

ते सौंदर्याबद्दल बोलत होते. केरबा सात-बाराबद्दल ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब परड्यात आले तर केरबा खराटा घेऊन कुंपणावरची एकूण एक जाळी झाडत होता. लालासाहेबांच्या तोंडून जी किंकाळी निघाली, तशी त्यांनी दोन्ही लढायांत मिळून काढली नसेल.

"आरं, माझं जाळं! चार दिस वाट बगितली हुती रं त्याची!"

ही किंकाळी सोप्यावर बसलेल्या हंबीररावांनी ऐकली आणि ते समाधानानं म्हणाले, "बगा. पुरावा गेल्यावर मानूस कसा वरडतोय."

केरबानं खराटा टाकला आणि हात जोडले. "चुकलं दादा. साफसफाई करत हुतो."

लालासाहेब कलावंत होते, आणि कलावंत लवकर क्षमा करतो, विशेषतः ऐकणारा समोर सापडला असेल तर. "जाऊ दे," ते म्हणाले. "जाळं गेलं तर गेलं. कुंपनावरची ही वेल हाय न्हवं? आता येका जागंला बसून दर दोन दिसांनी हिचा फोटू काढनार. आज कळी, परवा फूल, मग कारलं. पैल्यांदा कुठं हुतं आन् सरकत सरकत कुठं आलं, ते समद्यांस्नी दिसाय पायजे."

केरबानं खराटा उचलला आणि जाता जाता पावलांनी कुंपणाची लांबी मोजली.

चार दिवसांनी लालासाहेब पेन्शन आणायला तालुक्याला गेले. संध्याकाळी परत येतात तो परडं ऐसपैस झालेलं. शेराचं कुंपण अडीच हात मागं, केरबाच्या बाजूला, ओळीनं नीट लावलेलं, मुळांना पाणीसुद्धा घातलेलं. आणि ह्या सगळ्या गडबडीत उपटलेली कारल्याची वेल, उमललेल्या पिवळ्या फुलासकट, मोकळ्या झालेल्या जमिनीवर पडलेली. मनुबाई त्या अडीच हातांतून येरझारा घालत होत्या. अंगात देवी आलेल्या बाईसारखं त्यांचं तोंड उजळलं होतं.

"आवं, बगा! मामंजींनी बारा वर्सं दावा लढला त्यात चार बोटं जिमीन हालली न्हाई. तुमी उताणंपालथं पडून अडीच हात मिळवली!"

"माझी वेल," लालासाहेब म्हणाले.

"आवं, मला काय ठावं तुमच्या पोटात येवडं हाय! मी आपली येडी, तुमाला किडंमकोडं म्हनून बोलले."

"फूल उमललं हुतं गं. उद्या काढनार हुतो."

"गप बसा. आता कुनी ऐकत न्हाई," असं म्हणून मनुबाईंनी त्यांना डोळा मारला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, त्यांनी डोळा मारल्याचं लालासाहेबांना आठवत नव्हतं.

बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी लालासाहेब गळ्यात कॅमेरा अडकवून पायवाटेनं नदीकडं निघाले, बगळ्यांचा एखादा थवा मिळतो का बघायला. त्यांच्या पुढं दोन शेतांचं अंतर ठेवून लोक कुदळी-फावडी घेऊन पळत होते. एकोणीसशे एकवीस सालच्या मोजणीपासून जे बांध सरकत आले होते, ते एका सकाळीत परत आपापल्या जागी जायला लागले. एका भावानं घाबरून घेतलं होतं त्यापेक्षा हातभर जास्त परत केलं, तर दुसरा भाऊ ते घेईना. ह्यात काहीतरी डाव आहे, असं त्याचं म्हणणं. हंबीररावांनीसुद्धा बाभळीच्या बुंध्याजवळचा एक दगड गुपचूप चार पावलं मागं नेला आणि मग लोकांना सांगत सुटले, "मी म्हनलं न्हवतं?" गावात कुणाला अचानक न्यायाची चाड उपजली होती असं नाही. आपला फोटो नेमका कधी निघाला हे कुणालाच माहीत नव्हतं, एवढंच. लालासाहेबांना त्या दिवशी बगळा मिळाला नाही. फावड्यांच्या आवाजानं सगळे उडून गेले होते.

संध्याकाळी साळूबाई आल्या. लालासाहेबांच्या परड्याच्या मावळतीला ज्यांचं परडं, त्या ह्या विधवा चुलती. वय सत्तरीच्या पुढं, मूल नाही, भावकीत वजन नाही. त्या उंबऱ्याबाहेरच बसल्या.

"लाला, तुजा फोटू खोटं बोलत न्हाई म्हनत्यात. माज्या बाजूचाबी येक काढ की रं. तितला हद्दीचा दगूड मला रोज नव्याच जागंला दिसतोय."

लालासाहेब काही बोलायच्या आत मनुबाई आतून आल्या. "आत्ती, तिकडं मावळतीला उजेड पुरत न्हाई फोटूला. व्हय न्हवं ओ?"

"सकाळी पुरतो की," लालासाहेब खरं ते बोलून गेले.

"चा घिऊन जावा आत्ती," मनुबाई घाईनं म्हणाल्या. साळूबाईंनी चहा घेतला आणि दगडाचा विषय बशीत तसाच राहिला.

रोलमध्ये एकच फोटो उरला होता आणि वेल तर गेली होती. दोन दिवस लालासाहेबांची अन्नावर वासना नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे धुकं पडलं, आणि परड्याच्या मावळतीच्या कडेला झेंडूच्या एका फुलावर त्यांना दवात भिजलेलं, पंख जड झालेलं फुलपाखरू सापडलं. ते फुलापासून वीतभर अंतरावर पालथे पडले. श्वास धरला. कोवळं ऊन धुक्यातून तिरपं येऊन पंखावर टेकलं आणि लालासाहेबांनी खटका दाबला. उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भिंतीवर लागणारा फोटो हाच, असं त्यांचं मन त्यांना सांगत होतं.

सांगलीत बाळासोंचा फोटो स्टुडिओ होता. आठ दिवसांनी लालासाहेब तिथं गेले. बाळासोंनी पाकीट उघडून एकेक फोटो काचेवर मांडला. पहिल्या फोटोत मधोमध एक पांढुरका धब्बा होता. दुसऱ्यात राखाडी. तिसऱ्यात दोन.

"हे काय?" लालासाहेबांनी विचारलं.

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो."

"हितं दवाचा थेंब हुता. आन् हितं जाळं."

"हवालदार, ह्या कॅमेऱ्याला सहा फुटांच्या आतलं दिसत नाही," बाळासो दुःखाची बातमी द्यायच्या सुरात म्हणाले. "जवळचं सगळं धूसर, लांबचं लख्ख. फुलाच्या नाकाला नाक लावून काढायचा कॅमेरा नव्हे हा."

"मग आदी सांगायचं न्हाई?"

"तुम्ही रोल घ्यायला आलात तेव्हा लढाईचं सांगत होता. मधे बोलायला जागा नव्हती."

लालासाहेबांनी फोटोंकडं पुन्हा पाहिलं. खरंच, धब्ब्यांच्या मागं सगळं लख्ख होतं. शेराच्या कुंपणाची कांडी न् कांडी मोजता येत होती. एका फोटोत लोटा घेऊन निघालेला केरबा होता, अगदी ओळखून नमस्कार करावा इतका स्पष्ट. दोन महिन्यांची तपश्चर्या, आणि हाती आला केरबाचा लोटा! त्यांच्या डोळ्यांपुढं उसाची सरी, गुडघाभर चिखल आणि जन्माची पाळी उभी राहिली.

"थांबा, हा एक राहिला," असं म्हणत बाळासोंनी शेवटचा फोटो काचेवर ठेवला आणि वाकून पाहिला. मग म्हणाले, "वा!"

झेंडू आणि फुलपाखरू मिळून एका कोपऱ्यात धुक्याचा मऊ गोळा झाला होता. त्याच्या मागं, तिरप्या कोवळ्या उन्हात, एक बाई कासोटा खोचून, पाय रोवून, दोन्ही हातांनी एक भला थोरला दगड रेटत होती. दंडाची शीर न् शीर दिसत होती. ओल्या मातीत दगडामागं त्याच्या सरकण्याची लांब रेघ उमटली होती आणि त्या रेघेत सकाळचं ऊन साचलं होतं.

"हवालदार, हे चित्र आहे चित्र! धुक्यातनं उगवल्यासारखी बाई. ह्याला नाव देऊ, 'भूमिकन्या'. हाच पाठवायचा. कोण हो ही?"

कोण ते लालासाहेबांना पहिल्या नजरेतच कळलं होतं. दगडावरची छिन्नीची फुलीसुद्धा त्यांनी ओळखली. मोजणीच्या वेळी त्यांच्या बापानंच ती मारली होती. दवाच्या थेंबात आभाळ शोधणाऱ्या माणसाला थेंबामागची बायको मात्र दिसली नव्हती. आणि फोटो काढताना नवऱ्याला जग दिसत नाही, ह्याचा मनुबाईंना दोन महिन्यांचा पक्का अनुभव होता.

"शेतावरची बाई हाय येक," लालासाहेब म्हणाले.

हा फोटो पाठवावा की फाडावा? पाच मिनिटं ते स्टुडिओच्या बाकावर बसले. एकीकडं साळूकाकी, बापाच्या हातची फुली, घराची अब्रू. दुसरीकडं चिखल. शिवाय, त्यांनी मनाशी म्हटलं, कोळवडीची माणसं सांगलीला येतात ती कोर्टाला, दवाखान्याला आणि गुळाच्या अडतीला. कला बघायला कोण येतंय? ह्या अडाणी लोकांच्या अरसिकपणावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विश्वास टाकला आणि अर्जावर सही केली.

प्रदर्शनाचं कार्ड आलं ते पोस्टमननं रिवाजाप्रमाणे चावडीवर मोठ्यानं वाचून मग लालासाहेबांना दिलं. फोटो लागला होता, नुसता लागला नव्हता तर पहिला आला होता. मनुबाईंनी आरतीचं ताट घासायला घेतलं. अर्ध्या तासात केरबा आणि हंबीरराव दारात.

"हवालदार, कुनाचा बांध हाय त्यात?" हंबीररावांनी सरळ विचारलं.

"बांध न्हाई वो. फूल हाय. झेंडूचं फूल."

"व्हय," केरबा म्हणाला. "मागल्या बारीला कोळी हुता."

"तितं लय गर्दी असती. तिकीटबी असतंय. साथ हाय म्हनं सांगलीत."

लालासाहेब जितकं अडवायला लागले तितकी गावाची खात्री पटत गेली. ज्या फोटोवर सरकारनं पहिल्या नंबराचा शिक्का मारला तो पुरावा साधा नसणार. त्यात आपलं काही आहे का, हे प्रत्येकाला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गुळाची ट्रॉली जोडून ट्रॅक्टर निघाला. ट्रॉलीत चाळीस माणसं. पुढच्या बाजूला मनुबाई, मांडीवर फडक्यात बांधलेलं ताट, आणि त्यांच्या शेजारी, कुणीतरी हात देऊन चढवलेल्या साळूबाई.

"चला की आत्ती," मनुबाईच मोठ्या मनानं म्हणाल्या होत्या. "माझ्या मालकांचं कवतिक तुमीबी बगा."

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये फोटोसमोर शहरातली मंडळी उभी होती. जाड चष्म्याचे एक परीक्षक त्यांना समजावून सांगत होते. "हा प्रकाश बघा. ही मातीतली रेघ बघा, जणू कष्टाचा इतिहासच. ह्या बाईचा चेहरा दिसत नाही, कारण ती कुणी एक बाई नाही. ती सगळ्या शेतकरी स्त्रियांची प्रतिनिधी आहे."

कोळवडीचे चाळीस लोक त्यांच्या मागं येऊन थांबले. त्यांच्यातल्या एकालाही प्रकाश दिसला नाही आणि एकालाही बाई ओळखायला चेहऱ्याची गरज पडली नाही. आपला बांध नाही हे बघून आधी सगळ्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला. मग हंबीररावांनी मान तिरकी करून मातीतली रेघ डोळ्यांनी मोजली.

"दीड हात," ते हळूच म्हणाले.

"पावनेदोन," केरबा म्हणाला. ह्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा होता.

मनुबाई फडकं सोडून ताट हातात घेऊन पुढं आल्या, आणि फोटोकडं बघून जागच्या जागी उभ्या राहिल्या. ताट तिरपं होऊन सुपारी कुंकवात गेली. त्यांनी लालासाहेबांकडं पाहिलं. लालासाहेब छताकडं बघत होते. छतात काही सौंदर्य नव्हतं.

साळूबाई मात्र गर्दीतून वाट काढत अगदी फोटोजवळ गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. काचेवरून त्यांनी दगडावरच्या फुलीला बोट लावलं. ही खेडवळ म्हातारी चित्रात इतकी रंगलेली बघून परीक्षकांना भरून आलं.

"आवडलं का आजी?"

"लय झ्याक निगालंय बाबा," साळूबाई म्हणाल्या. "माजाच दगूड हाय त्यो."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि मंडळींकडं वळून ते म्हणाले, "ऐकलंत? ह्याला म्हणतात कला! एका निरक्षर वृद्धेलासुद्धा चित्रातला दगड आपला वाटला."

शहरातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या ऐकून कोळवडीच्या लोकांनीही वाजवल्या, जरा जास्तच जोरात. परीक्षकांनी लालासाहेबांना पुढं ओढून त्यांच्या हातात प्रशस्तिपत्र ठेवलं आणि कलावंतानं दोन शब्द बोलावेत अशी विनंती केली. लालासाहेबांनी तोंड उघडलं. पण मनुबाईंनी ताट पुन्हा फडक्यात बांधून त्यांचं मनगट धरलं होतं.

"आवं, भाषान ऱ्हाऊ द्या," त्या दात आवळून म्हणाल्या. "ट्रॅक्टर काढाय लावा. उजेड हाय तवर दगूड मागं न्यायचाय. आन् त्यो डबा हितंच इकून चला."